दगडफुलाचं रीडिंग

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन

मंडळी, मेसच्या आमटीला नावं ठेवणं हा हॉस्टेलवाल्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी काही सोडणार नाही. पण आज लिहायचंय ते आमटीबद्दल नाही, तिच्यात पडणाऱ्या एका जिनसाबद्दल. घरून येताना दिलेली काळ्या मसाल्याची बरणी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात असते. आमच्या नाशिककडे उन्हाळा लागला की हा मसाला डंकावर कुटून आणतात. धने, सुकं खोबरं, लवंग, तमालपत्र, नागकेशर... आणि या यादीत एक विचित्र वस्तू असते, ती म्हणजे दगडफूल. वरून राखाडी, खालून काळपट, जळालेल्या कागदाच्या कपट्यांसारखी. नुसती हुंगली तर फारसा वास नाही. तेलात परतली की मात्र अख्ख्या मजल्याला कळतं की कुणीतरी रूमवर चोरून हीटर लावलाय!

नाव दगडफूल, पण हे फूल नाही. आणि बाजारात येतं त्यातलं बरंचसं दगडावरचंही नसतं. ते हिमालयातल्या आणि दक्षिणेतल्या डोंगराळ जंगलांत झाडांच्या सालीवरून खरवडून गोळा करतात. शास्त्रीय मराठीत या गटाला ‘शैवाक’ म्हणतात. शैवाल अधिक कवक, म्हणजे शेवाळ अधिक बुरशी. इंग्रजीतलं लायकेन ते हेच. जगात यांच्या सुमारे वीस हजार जाती आहेत, भारतातच अडीच हजारांच्या वर.

आता तुम्ही म्हणाल, इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोराला बॉटनीची ही उठाठेव कशाला? उत्तर सोपं आहे. दगडफूल हे एक मापनयंत्र आहे. हवा मोजणारं. आणि सिलॅबसमधल्या कुठल्याही सेन्सरपेक्षा जुनं.

दोन रूम पार्टनर

शैवाक म्हणजे एक जीव नव्हे, दोघांचा संसार. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर दोन रूम पार्टनर. बुरशी खोली देते. ती सालीला किंवा दगडाला घट्ट धरून बसते, पाणी साठवते, उन्हापासून आडोसा करते. शेवाळ स्वयंपाक करतं. उन्हात प्रकाशसंश्लेषण करून साखर बनवतं आणि दोघं खातात. काही जातींत शेवाळाच्या जागी सायनोबॅक्टेरिया असतात, ते हवेतला नायट्रोजनसुद्धा पकडतात. ही भागीदारी १८६७ साली श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने मांडली तेव्हा अनेक बड्या अभ्यासकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. एका जिवात दोन जीव? अशक्य! आज ही गोष्ट पुस्तकात सरळ छापलेली असते.

पण या संसारात एक गोष्ट नाही : दार. झाडाच्या पानाला वर मेणासारखा थर असतो, खाली छिद्रं असतात, आणि ती छिद्रं झाड उघडतं, मिटतं. हवा वाईट झाली तर पान थोडं तरी सावरू शकतं. शेवटी ते गळून जातं आणि त्याच्याबरोबर साठलेलं विषही जातं. शैवाकाला मुळं नाहीत, तो मेणाचा थर नाही, छिद्रांची झाकणं नाहीत. पाऊस, दव, धुकं, धूळ, जे अंगावर पडेल ते सगळ्या अंगाने शोषून घ्यायचं, हीच त्याची जेवायची पद्धत. मातीतून काही मिळत नाही, सगळं हवेतून. आणि त्याला पानगळ नाही. जे आलं ते बऱ्याच अंशी आतच राहतं. वाढ म्हणाल तर कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर वाढतात. म्हणजे रुपयाएवढा ठिपका दिसला तर तो आपल्या ज्युनिअर कॉलेजपासूनचा असू शकतो.

कोळसा किंवा तेल जळलं की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. तो ओल्या शैवाकात विरघळला की आम्ल तयार होतं. त्याने शेवाळातलं हरितद्रव्य बिघडतं, पेशींची आवरणं गळायला लागतात. म्हणजे स्वयंपाकी आजारी पडला. मग खोलीचा मालक कितीही दणकट असो, उपाशी किती दिवस काढणार? ठिपका आधी फिका पडतो, कडेने सुटतो आणि एक दिवस सालीवर काहीच उरत नाही.

पॅरिसची बाग

ही गोष्ट पहिल्यांदा नीट टिपली ती विल्यम नायलँडर या फिनलंडच्या माणसाने. १८६६ साली त्याने लिहिलं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जे शैवाक भरपूर दिसतात ते शहरात इतरत्र मिळत नाहीत, तेव्हा हवा किती आरोग्यदायी आहे हे त्यांच्यावरून मोजता येईल. (गंमत म्हणजे श्वेंडनरच्या ‘दोन जीव’ सिद्धांताला कडाडून विरोध करणाऱ्यांत हाच नायलँडर होता. यंत्राचं रीडिंग बरोबर घेतलं, पण यंत्राच्या आतलं सर्किट त्याला मान्य नव्हतं!) पुढच्या तीस वर्षांत पॅरिसमध्ये कोळसा वाढत गेला आणि १८९६ पर्यंत त्या बागेतलेही शैवाक गेले. १९२६ मध्ये स्वीडनच्या सर्नांडरने स्टॉकहोमच्या मध्यभागाला ‘शैवाकांचं वाळवंट’ म्हटलं. १९७० मध्ये इंग्लंडच्या हॉक्सवर्थ आणि रोझ या जोडीने तर चक्क पट्टीच बनवली, शून्य ते दहा. शून्य म्हणजे खोडावर काहीच नाही, दहा म्हणजे शुद्ध हवा. कुठल्या जाती दिसतात ते बघायचं आणि हिवाळ्यातला सल्फर डायऑक्साइड साधारण किती ते सांगायचं. यंत्र नाही, वीज नाही. फक्त झाड आणि डोळे.

आणि हे रीडिंग उलटंही फिरतं बरं का. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात धुरकट धुक्याने हजारो माणसं मेली, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. घरोघरचा कोळसा कमी झाला, सल्फर डायऑक्साइड उतरला आणि १९८१ मध्ये त्याच हॉक्सवर्थ-रोझ जोडीने लंडनमध्ये शैवाक परत येत असल्याचं नोंदवलं. लक्झेंबर्ग बागेतही ते जवळजवळ शंभर वर्षांनी परतल्याची नोंद १९९१ सालची आहे. गेलेली गोष्ट परत येऊ शकते, पण तिला शतक लागू शकतं.

आता आपल्या पद्धतीने याची डेटाशीट लिहू. पॉवर सप्लाय : ऊन आणि दव. मेंटेनन्स : शून्य. किंमत : शून्य. रिस्पॉन्स टाइम : काही वर्षं. सिलेक्टिव्हिटी : कमी, कारण ते सगळ्याच गोष्टींना रिस्पॉन्स देतं. आउटपुट : आहे किंवा नाही, आणि असेल तर कुठलं. व्हायव्हामध्ये असा सेन्सर सांगितला तर सर बाहेर काढतील. पण एक गुण असा आहे की जो मोबाइलवरच्या हवेच्या आकड्यात नाही. तो आकडा आत्ताचा असतो. आज वारा सुटला, आकडा उतरला, आपण खूश. शैवाक मात्र इंटिग्रेटर आहे. सगळी वर्षं, सगळ्या रात्री, सगळे हिवाळे त्याने बेरजेत धरलेले असतात.

नेहमीचंच

मी ओझरचा. निफाड तालुका, जिल्हा नाशिक. १९६४ मध्ये इथे एचएएलचा विमान कारखाना सुरू झाला आणि मिग विमानांमुळे गावाचं नावच ‘ओझर मिग’ पडलं. गावातून बाणगंगा जाते, गावाला लागून मुंबई-आग्रा महामार्ग, आणि चहूकडे द्राक्षबागा. आमचं घर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. रात्री ट्रक मोजत झोपायची सवय असल्यामुळे हॉस्टेलवर पहिले चार दिवस मला शांततेने झोप लागली नव्हती!

माझा धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याला दमा आहे. थंडी सुरू झाली की दप्तरात वह्यांबरोबर पंप जातो. मागच्या डिसेंबरात मी सुट्टीवर असताना त्याला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी आईला विचारलं, “घराजवळ धूर, धूळ असं काही आहे का?” आई सहज म्हणाली, “नाही हो डॉक्टर, नेहमीचंच आहे.”

आई खोटं बोलली नाही. तिच्या हिशोबाने तेच खरं. महामार्गाचा धूर नेहमीचा, बागेतल्या औषधाचा वास नेहमीचा, संध्याकाळी शेकोटीचा आणि कचऱ्याचा धूर नेहमीचा. खिडकीच्या गजांवरची काळी धूळ ती रोज पुसते, म्हणजे तीसुद्धा नेहमीची. भावाचा दमा महामार्गामुळेच झाला असं मी म्हणत नाही. दम्याला अनेक कारणं असतात आणि मी डॉक्टर नाही. मला अडकवलं ते त्या शब्दाने. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आपण पहिल्या वर्षापासून घोकतो की शून्य कुठे धरलंय ते आधी तपासा. शून्यच सरकलेलं असेल तर पुढची सगळी रीडिंग्ज चुकतात. ‘नेहमीचंच’ म्हणजे आपण धरलेलं शून्य. ते तपासायचं कसं? आमच्या दाराशी हवा मोजणारं यंत्र नाही. नाशिक शहरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं आहेत, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला तेव्हा हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव होतंच. पण गावाने काय वाचायचं?

म्हणून त्या सुट्टीत मी झाडं वाचायला सुरुवात केली.

महामार्गाच्या कडेची जी झाडं आहेत त्यांच्या खोडावर धुळीचा थर आणि त्याखाली कोरी साल. गावाच्या आत, सावलीतल्या एका जुन्या आंब्यावर रंगाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरट चपटे ठिपके. नखाने निघत नाहीत असे, सालीला चिकटलेले. पानासारखे सुटे, कुरळ्या कडांचे, म्हणजे मसाल्यात असतात तसे, एकही नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. ढोबळ नियम असा की कवचासारखे चिकटलेले शैवाक जास्त सोसतात, पानासारखे त्याहून कमी, आणि झुडपासारखे लोंबणारे सगळ्यांत नाजूक. पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर अंजनेरीला गेलो तर तिथे गडावरच्या झाडांवर करड्या-हिरव्या पानांची गर्दी. फोटो काढून काढून बॅटरी संपली.

मग काय, ठरलं? ओझरची हवा वाईट, अंजनेरीची चांगली? इथेच घाई करायची नाही. अंजनेरी-त्र्यंबकला सह्याद्रीचा धो धो पाऊस. निफाड तालुका त्या मानाने कोरडा. शैवाकाला ओल लागते, तेव्हा फरक पावसाचाही असू शकतो. हा वाद जुनाच आहे. शहरात शैवाक मरतात ते धुराने की कोरडेपणाने, यावर युरोपातही अनेक वर्षं भांडणं झाली. दुसरं, महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. नव्या झाडाच्या गुळगुळीत सालीवर ठिपका बसायलाच वर्षं लागतात. आणि तिसरं कारण मला मामांनी सांगितलं.

मामांचं उत्तर

मामांची द्राक्षबाग आहे. बांधावर एक आंबा आहे, आजोबांनी लावलेला. त्याचं खोड एकदम स्वच्छ. मी विचारलं, “मामा, या आंब्याला दगडफूल कधी आलंच नाही का हो?”

मामा हसले. “येईल कसं? गोडी छाटणी झाली की आपण बुरशीची औषधं मारतो. डाऊनीला मोरचूद, भुरीला गंधक. ब्लोअर चालला की निम्मं बागेवर, निम्मं वाऱ्यावर. तूच म्हणतोस ना दगडफूल म्हणजे बुरशी? मग बुरशीच्या औषधाने बुरशीच मरणार की!”

एवढं सरळ उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्डेने ते द्राक्षांसाठीच पुढे आणलं. तांबं बुरशीला मारतं आणि शेवाळालाही. म्हणजे दोन्ही पार्टनर गारद. परदेशात जुन्या इमारतींवर तांब्याच्या तारेवरून किंवा पट्टीवरून पाणी ओघळतं त्या रेषेत भिंतीवर शैवाक उगवत नाही, स्वच्छ पट्टा दिसतो. आमच्याकडे तसा पट्टा तालुकाभर आहे म्हणायचा!

लगेच शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडू नका. छाटणीनंतर दोन दिवस पाऊस लागला तर डाऊनी आठवड्यात घड खाते आणि वर्षाचं कर्ज डोक्यावर राहतं. मामा मास्क लावत नाहीत. “घाम येतो रे,” म्हणतात. फवारणीच्या दिवसांत संध्याकाळी त्यांचा खोकला बाहेर ओट्यापर्यंत ऐकू येतो. मी त्यांना म्हटलं, “दगडफूल गेलं ते गेलं मामा, पण तुम्ही तेच औषध हुंगताय.” मामा गप्प बसले. नंतर मामी म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. उपरण्याने औषधाचे बारीक थेंब अडत नाहीत, हे मला माहीत आहे. पण सुरुवात म्हणून ठीक.

आणखी एक योगायोग बघा. सुकलेलं शैवाक जवळजवळ झोपलेलं असतं, तेव्हा त्याला फारसं काही होत नाही. भिजलं की जागं होतं आणि तेव्हाच सगळं शोषतं. आमच्याकडे पावसाळा संपल्यावर त्याला जाग येते ती हिवाळ्यातल्या पहाटेच्या दवाने. आणि निफाडची थंडी तर दर वर्षी पेपरात असते. अशा गार, वारा पडलेल्या रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार होते, झाकण बसल्यासारखं होतं आणि धूर खालीच कोंडतो. म्हणजे शैवाक नेमकं त्या वेळी जागं, ज्या वेळी हवा सगळ्यांत वाईट. माझ्या भावाला पंप लागतो तोही त्याच पहाटे.

कुणाचं मानक?

एका सेमिनारसाठी मी मानकांचे आकडे शोधले, तेव्हा जे सापडलं ते इथे मुद्दाम देतो. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार निवासी आणि औद्योगिक भागात सल्फर डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केलेल्या भागात २०. युरोपात नाजूक शैवाकांसाठी ठरवलेली धोक्याची पातळी आहे १०. अमोनियाचं तर विचारूच नका. शैवाकांसाठी धोक्याची पातळी वर्षाच्या सरासरीला १ मायक्रोग्रॅम, आपलं मानक १००! अमोनिया येतो शेणामुतातून आणि युरियासारख्या खतांतून, म्हणजे खेड्यातूनच.

माणूस म्हणजे शैवाक नव्हे, हे मान्य. आपली फुप्फुसं जास्त सोसतात. पण ‘हवा मर्यादेत आहे’ असं वाचलं की ‘हवा स्वच्छ आहे’ असा अर्थ आपण लावतो. तो बरोबर नाही. मर्यादेच्या आत राहूनही एक अख्खा जीवसमूह मुकाट्याने निघून जाऊ शकतो. मेलेले मासे पाण्यावर तरंगतात, बातमी होते. शैवाक गेलं तर साल फक्त जरा स्वच्छ दिसते! उलट लोक म्हणतात, झाड किती छान आहे. नसणं दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि असणंसुद्धा फसवं असतं. युरोपात सल्फर उतरल्यावर जे शैवाक परतले त्यांत नायट्रोजनवर पोसणारे पिवळे झँथोरिया पुष्कळ. म्हणजे हवा सुधारली नाही असं नाही, पण प्रदूषण बदललं. आपल्याकडेही तेच होऊ घातलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि डिझेलमधला गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरला. ट्रकच्या धुरातला सल्फर त्यामुळे घटला, ही खरोखर चांगली गोष्ट. पण नायट्रोजनची ऑक्साइडं आहेत, टायर आणि रस्त्याची धूळ आहे. आपल्या शहरांत आंब्याच्या खोडावर पिक्सिन कोकोएस नावाचं करडं-पांढरं शैवाक बऱ्याचदा दिसतं. ते बरंच सोसतं, म्हणूनच संशोधक त्याच्या अंगातले धातू मोजून हवेचा अंदाज घेतात. तेव्हा ठिपका दिसला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. कुठला ठिपका, हे विचारायचं.

हे काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. उर्मिला मखीजा यांनी वर्षानुवर्षं शैवाकांचा अभ्यास केला, सह्याद्रीतल्या कित्येक जाती नोंदवल्या. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर बंगळुरू शहरातले आणि लालबागेतले शैवाक कुठे उरलेत, त्यांत धातू किती साठलेत, हे तपासून २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. पाऊस की प्रदूषण, हा माझा ओझरचा प्रश्न सोडवायची एक युक्तीही आहे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या इर्विन ब्रोडोने शैवाकासकट सालीच्या चकत्या कापल्या आणि दुसरीकडच्या झाडांवर नेऊन बसवल्या. मग बघत बसायचं, कुठे जगतात, कुठे मरतात. आपण ज्याला कंट्रोल्ड एक्स्पेरिमेंट म्हणतो ते हेच.

एक वही हवी

आता मुद्द्याचं. आपण इथे चार वर्षं असतो. शैवाकाचा रिस्पॉन्स टाइम त्याहून जास्त आहे. म्हणजे एका बॅचला हे रीडिंग पूर्ण घेताच येणार नाही. फर्स्ट इयरला बघितलेला ठिपका फायनल इयरला चार-सहा मिलिमीटर वाढला तर वाढला. म्हणून हे लिखाण मासिकात देतोय, कारण मासिक लायब्ररीत राहतं, आपण राहत नाही.

माझी सूचना साधी आहे. कॅम्पसमधली आठ-दहा जुनी झाडं ठरवायची. काही गेटजवळची, काही हॉस्टेलच्या मागची, काही जनरेटर रूमजवळची. छातीइतक्या उंचीवर खोडाची चारही बाजूंनी पाहणी करायची. ठिपके चिकटलेले, पानासारखे की झुडपासारखे, हे लिहायचं. शेजारी पट्टी धरून फोटो काढायचा, तारीख टाकायची. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर. झाडाला खिळे ठोकायचे नाहीत, काही खरवडायचं नाही. पावसाचा आकडाही त्याच पानावर, म्हणजे पुढे कुणी कोरडेपणाला दोष देऊन सुटणार नाही. आणि ‘काहीच दिसलं नाही’ हेसुद्धा लिहायचं. ते रिकामं घर नाही, तेही रीडिंगच आहे.

स्टाफला विनंती की ही वही तुम्ही सांभाळा. आम्ही जातो, तुम्ही असता. रेक्टर सरांचं कपाट चालेल, नाहीतर इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमधलं. जिथे कॅलिब्रेशनचं रजिस्टर ठेवतात, त्याच फळीवर.

मी घरी एक वही सुरू केली आहे. तिच्यात सध्या ओझरची सहा झाडं आहेत आणि त्यांतल्या चारांपुढे ‘नाही’ असं लिहिलंय. पुढच्या डिसेंबरात ती वही भावाकडे देणार आहे. तो आत्ता आठवीत आहे, म्हणजे त्याच्याकडे भरपूर वर्षं आहेत. आई विचारत होती, याने त्याचा दमा बरा होणार आहे का? नाही होणार. पण पुढच्या वेळी कुणी घराजवळच्या धुराबद्दल विचारलं, तर ‘नेहमीचंच’ म्हणण्याऐवजी आमच्या घरात निदान एक उत्तर लिहिलेलं असेल.